राहिलेली टाळी

खोली भाड्यानं देण्याआधी घरमालक काय काय तपासतात? नोकरी, माणसं किती, घरात मटण शिजतं का, रात्री उशिरा कोण येतं. अकोल्यातल्या माझ्या घरमालकांनी माझी टाळी तपासली.

मी बँकेतला माणूस. बदली होऊन नगर जिल्ह्यातल्या अकोले या तालुक्याच्या गावी आलो होतो. त्या जिल्ह्याचं नाव पुढं अहिल्यानगर झालं, पण माझ्या घरमालकांमध्ये मात्र तेव्हापासून काडीचा बदल नाही. ते जनावरांचे डॉक्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले. बाजारपेठेमागं तीन मजली घर, खाली गोठा, मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, वर ती रिकामी खोली. मी दार वाजवलं तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत साबणाचा फेस होता. हात पुसत त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, सरळ एक तबकडी लावली.

"ऐका. आणि जिथं द्यावीशी वाटेल तिथं टाळी द्या."

तबकडीवर चारपाच वाद्यं एकमेकांशी भांडत होती. मग एक गप्प झालं, दुसरं बोलू लागलं, मग तिसरं. मी सभ्य माणूस. सगळं संपेपर्यंत थांबलो आणि मग जोरदार टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी मान हलवली. "मेल्यावर खांदा द्यायला आल्यासारखी टाळी दिलीत, साहेब. वाजवणाऱ्याचं सांगून झालं की तिथल्या तिथं द्यायची. तो अजून उभा असतो, त्याला कळायला पाहिजे." मग माझे पंजे हातात घेऊन त्यांनी बैलाचे खूर बघावेत तसे उलटेपालटे करून पाहिले. "पण आवाज चांगला आहे. हात रुंद आहेत. सामान कधी आणताय?"

अशा रीतीनं मी जॅझच्या दुनियेत, एका गोठ्याच्या वर, भाडेकरू म्हणून शिरलो.

हे वेड त्यांना मुंबईत शिकताना लागलं. एका उन्हाळ्याच्या संध्याकाळी समुद्राच्या वाऱ्याला फिरताना एका मोठ्या हॉटेलच्या खिडकीतून त्यांनी पहिल्यांदा सॅक्सोफोन ऐकला. "खोटं सांगत नाही," ते म्हणत, "मला वाटलं आत कुणाची तरी गाय अडलीय." त्यांनी दारवानाला तसं सांगितलंही. आपण जनावरांचे डॉक्टर होणार आहोत, मदत करू शकू, असंही सांगितलं. दारवानानं त्यांना हाकललं. मग ते समोरच्या कठड्यावर बसले आणि तो उन्हाळाभर रोज संध्याकाळी तिथंच बसले. गाय सुटली की नाही कळेना, पण ते मात्र कायमचे अडकले.

जॅझ म्हणजे काय, हे मला अनेक विद्वानांनी पुढं समजावून सांगितलं. डॉक्टरांइतकं कुणालाच जमलं नाही. ते गोठ्याच्या दारात उभे राहून समजावत. "हा खुंटा दिसतो? ही धून. ही गाय म्हणजे वाजवणारा. आखूड कासरा बांधला तर ती जागच्या जागी फिरते, ते झालं लग्नातलं गाणं. कासरा सोडून दिला तर शेजाऱ्याच्या उसात जाते, तो झाला गोंधळ. कासरा लांब पाहिजे, साहेब. जनावर पार बांधापर्यंत जातं, नवं नवं गवत खातं, आपल्याला वाटतं आता तुटतोय कासरा, आणि संध्याकाळी आपसूक खुंट्यापाशी येऊन उभं राहतं. त्या येण्याला टाळी द्यायची."

पाडव्याला गुढी उभारली की त्या घरात एक विधी व्हायचा. डॉक्टर तबकड्यांच्या यंत्राला हळदकुंकू लावत, गोधडीत गुंडाळत आणि माळ्यावर ठेवून देत. पाऊस पडेपर्यंत ते खाली येत नसे. पहिल्या वर्षी मला वाटलं, उन्हानं बिघडतं म्हणून असेल.

"छे! उन्हाळ्यात आंबा असताना लोणचं कोण खातं?" ते म्हणाले.

लोणचं म्हणजे तबकडी. आंबा म्हणजे समोर बसून ऐकलेलं वाजवणं. आणि अकोल्यात आंबा कुठला? तर जत्रांचा. पाडव्यापासून गावोगाव देवांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रा तिथं बँड. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, वैशाखाच्या उन्हात घामानं निथळणारी माणसं. लोक त्यांच्या पुढं नाचतात. डॉक्टर त्यांच्या पुढं बसायचे. स्कूटरच्या मागं त्यांनी एक घडीची खुर्ची कायमची बांधून ठेवली होती. बँड दिसला की खुर्ची उघडायची, क्लॅरिनेट वाजवणाऱ्यासमोर मांडायची आणि डोळे मिटायचे. मिरवणूक पुढं सरकली की खुर्ची उचलून दहा पावलं पुढं, पुन्हा मांडायची. नाचणारी पोरं त्यांना वळसा घालून नाचत.

"डाक्टर, उठा की! नाचा जरा!"

"तू नाच. मी कामात आहे."

फर्माईश करणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. कलावंताच्या तोंडात घास कोंबू नये, त्याला भूक कशाची लागलीय ते बघावं, असं त्यांचं मत. बँडवाल्यांना त्यांची इतकी सवय होती, की ते दिसले की क्लॅरिनेटवाला ठरलेलं गाणं सोडून हळूच बांधाकडं निघायचा. खुद्द डॉक्टरांच्या लग्नातही हेच झालं होतं. ती गोष्ट काकूंकडूनच ऐकावी.

"नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला गेले ते आलेच न्हाईत," काकू सांगत. "इकडं भटजी ओरडायलेत, लोकांच्या मुठीत अक्षदा धरून धरून भात शिजला. माझे वडील बघायला गेले, तर हे घोडा रस्त्यात आडवा लावून बसलेले. म्हणे, त्याचं वाजवून होऊ द्या. माझं लग्न मुहूर्तावर लागलंच न्हाई, कलारनेटवर लागलं."

"मग वाईट झालं का?" डॉक्टर विचारत.

"कलारनेटचं चांगलं झालं," काकू म्हणत आणि आत जात.

एकदा मी त्यांना पुण्याला घेऊन गेलो. उन्हाळ्याची संध्याकाळ, उघड्यावर हिरवळ, परदेशातून आलेले वादक, खराखुरा जॅझ. डॉक्टर मुलाखतीला आल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्चीसकट. आसपासचे लोक बशा घेऊन गप्पा मारत होते. सॅक्सोफोनवाल्याची पाळी संपली तेव्हा सबंध हिरवळीवर पहिली टाळी पडली ती अकोल्याची. सगळे वळून बघायला लागले. मग वादकानं बघितलं, हसला आणि त्यानंतर दर वेळी तो आमच्याच दिशेनं वाजवत राहिला. संपल्यावर डॉक्टर त्याला भेटायला गेले आणि पुढच्या चैत्रातल्या जत्रेचं आमंत्रण देऊन आले. त्यानं विचारलं, सभागृह कसं आहे?

"पिंपळ आहे," डॉक्टर म्हणाले. "जुना आहे. आवाज धरून ठेवतो."

तो आला नाही. बरंच झालं. कारण त्याच चैत्रात, पण दुसऱ्याच एका पिंपळाखाली, डॉक्टरांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली.

राजूरकडं जाताना डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. तिथल्या जत्रेत दोन बँडचा सामना होतो. दुपारी उन्हं उतरली की पिंपळाच्या पारापुढं दोन्ही बँड समोरासमोर बसतात. आधी एकाची बारी, मग दुसऱ्याची. जो जिंकेल तो संध्याकाळी देवाच्या पालखीपुढं वाजवत जाणार. हा मान पैशानं मिळत नाही, त्यासाठी बँडवाले वर्षभर झुरतात. आणि त्या गावाची एक रीत आहे. बारी चालू असताना कुणीही टाळी वाजवायची नाही. आवडलं तर टोपी उडवा, शिट्ट्या मारा, आरोळ्या ठोका; टाळी मात्र पंचाची, दुसऱ्या कुणाची पडली तर ती बारी मोडली. पंचानं टाळी दिली की बारी संपली. मग वादकानं जिथं असेल तिथं, श्वासही न घेता थांबायचं; चाल अर्धी राहिली तर बारी हरली.

या जत्रेच्या दिवशीच पलीकडच्या गावाची जत्रा असल्यामुळं डॉक्टर इथं कधी आले नव्हते. त्या वर्षी गावचे म्हातारे पंच आजारी पडले. कारभारी, म्हणजे जत्रेचं सगळं बघणारे गृहस्थ, घरी आले. त्यांची म्हैस डॉक्टरांनी मरणाच्या दारातून आणली होती.

"डाक्टर, तुमच्यावानी आयकनारा तालुक्यात न्हाई. यंदा पंच तुमी."

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, त्यांना घोड्यावर बसवलंय आणि समोर बँड आहे.

फेटा बांधून त्यांना पारावर बसवलं. मी शेजारी. कारभाऱ्यांनी टाळीची रीत दोनदा सांगितली. डॉक्टरांनी दोनदा मान हलवली. पहिली बारी मास्तरांची होती.

मास्तर म्हणजे दोनपैकी पहिल्या बँडचे म्होरके. रंगवलेल्या मिशा, छातीवर स्वतःच विकत घेतलेली पदकं आणि नम्रता नावाला नाही. "आपल्यासारखं कलारनेट ह्या डोंगरात दुसरं वाजत न्हाई" हे ते वाजवण्याआधी सांगत आणि मग ते खरं करून दाखवत. पालखीचा मान बरीच वर्षं त्यांच्याकडं होता. समोरचा बँड संगमनेराकडचा, तरुण पोरांचा, तयारीचा. मास्तरांचा दम आता पहिल्यासारखा राहिला नव्हता आणि हे साऱ्या गावाला दिसत होतं. मान टिकवायचा तर याच बारीत.

त्यांनी एक साधी आरतीची चाल धरली. दोनदा सरळ वाजवली आणि मग निघाले. कासरा लांबत गेला. ते बांधापाशी गेले, बांधावर चढले, पलीकडं डोकावले. ढोलवाला त्यांच्याकडं बघत नुसता टिपरू टेकवत होता. मास्तर एका उंच सुरावर जाऊन थांबले, तो थरथरवला आणि असा काही मोडून खाली आणला की माझ्या अंगावर काटा आला. आता ते परतणार होते. खुंटा समोर दिसत होता.

आणि माझ्या शेजारून टाळी पडली.

खणखणीत. रुंद हातांची. चाळीस वर्षांच्या सवयीची.

बँड तोडल्यासारखा थांबला. ढोलवाल्याचं टिपरू हवेत राहिलं. मास्तरांच्या तोंडात क्लॅरिनेट तसंच, डोळे पारावर लागलेले. चाल तशीच उघडी पडली, गाय रानात आणि खुंटा गावात. डॉक्टर स्वतःच्या हातांकडं बघत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"नाही, नाही! वाजवा! ती तशी टाळी नव्हती!" ते ओरडले.

कारभारी हळहळले, पण म्हणाले, "डाक्टर, वाजल्याली टाळी म्हागारी घेता येती व्हय? गावाची रीत हाय."

संगमनेरच्या पोरांनी आपली बारी पुरी वाजवली, छान वाजवली आणि पालखीपुढं ते गेले. मास्तरांनी कोटाची बटणं काढली. डॉक्टर त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. मास्तरांनी क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून पेटीत ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"डाक्टर, जनावराला सुई टोचायच्या आदी तुमी त्याचे पाय बांधता. तुमचे हात कोन बांधनार?"

गाव हसलं. डॉक्टर हसले नाहीत.

त्यानंतरचं वर्ष विचित्र गेलं. डॉक्टरांनी टाळी सोडली. लोक दारू सोडतात तशी, त्रास होत, हात चोळत. लग्नात हार पडले की सगळे टाळ्या वाजवत, हे हात काखेत घालून उभे. शाळेच्या स्नेहसंमेलनात पुढाऱ्याचं भाषण झालं. टाळी न वाजवणारे हे एकटेच, म्हणून दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचा माणूस घरी येऊन आमच्यात या म्हणून गेला. आरतीला काकू त्यांच्या हातात झांज देऊन बघत. ते झांज खाली ठेवत. पावसाळ्यात यंत्र माळ्यावरून उतरलं, पण तबकडी लागली की ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. ऐकत होते, पण ऐकल्यासारखं वाटत नव्हतं.

"त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं," एकदा ते म्हणाले. "ज्या माणसासाठी हे हात तयार केले, त्यालाच ते लागले, साहेब."

पुन्हा पाडवा आला. गोधडी, हळदकुंकू, माळा, सगळं झालं. त्या गावच्या जत्रेला ते जाणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. पण दुपारी खाली आलो तर स्कूटर तयार, खुर्ची बांधलेली आणि डॉक्टर गोठ्यातून दावं काढत होते. वासराच्या गळ्यातलं, मऊ सुताचं.

"हे कशाला?"

"मास्तरांनी विचारलं होतं ना, कोण बांधणार? तुमची काकू बांधेल."

काकू स्कूटरवर मागं बसून आमच्याबरोबर आल्या. मी फटफटीवर. पिंपळाखाली खुर्ची मांडली गेली. डॉक्टर बसले. काकूंनी साऱ्या गावादेखत त्यांचे दोन्ही हात पुढं घेऊन दाव्यानं बांधले, गाठ दोनदा ओढून बघितली आणि पदर खोचून शेजारी उभ्या राहिल्या. गाव खिदळायला लागलं.

"काकू, लाथ मारत्यात का वो डाक्टर?"

"गरीब हाय जनावर," काकू म्हणाल्या. "फकस्त हात हालतात."

पारावर आता बरे झालेले म्हातारे पंच होते. संगमनेरच्या पोरांची बारी आधी झाली. मग मास्तर उठले. मिशा ताज्या रंगवलेल्या, पदकं तीच. त्यांनी खुर्चीकडं बघितलं, दाव्याकडं बघितलं आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

तीच चाल. गेल्या वर्षीची, उघडी राहिलेली.

मी वाजवण्यातला जाणकार नाही. पण माणूस दम पुरवून पुरवून वापरतो तेव्हा कळतं. मास्तर त्या दिवशी घाईनं कुठंच गेले नाहीत. एकेक पाऊल टाकत बांधाकडं निघाले, जुन्या गवताला तोंड लावलं नाही. त्याच उंच सुरापाशी आले. तो थरथरला, मोडला, खाली उतरला. डॉक्टरांच्या बांधलेल्या मुठी मांडीवर उडत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही हात मोकळे नव्हते. काकूंनी पदरानं पुसलं.

यंदा मास्तर परतले. चाल पुरी करून खुंट्यापाशी आले. मागं बँडनं ती धरून ठेवली आणि मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. वाजवत वाजवत ते खुर्चीसमोर येऊन पोचले होते. क्लॅरिनेट काखेत मारून ते वाकले आणि दाव्याची गाठ सोडायला लागले.

"डाक्टर, मागल्या वर्साची राहिल्याली टाळी द्या."

"मास्तर, बारी मोडेल! पालखी जाईल!"

"जाऊ द्या. पालखी देवाची हाय. टाळी माझी हाय."

गाठ सुटली. डॉक्टर उठले. हात वर घेतले, क्षणभर तसेच धरले आणि वर्षभराची साठवलेली टाळी दिली. पिंपळावरचे कावळे उडाले. मग त्यांच्यामागं काकूंनी दिली. मग मी. मग त्या गावात कधी न झालेली गोष्ट झाली, सारं गाव टाळ्या वाजवायला लागलं. बँड थांबला नाही. मास्तरांनी पुन्हा क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि त्या टाळ्यांतूनच पुढं निघाले. पारावर म्हातारे पंच उभे राहून आपली टाळी देत होते, देत होते, पण ती कुणाला ऐकू येणार?

रीत ती रीत. मास्तरांची बारी मोडली, पालखीचा मान संगमनेरकडं गेला. पोरं पालखीपुढं वाजवत निघाली. मास्तर पालखीच्या मागं निघाले, वाजवतच. आणि त्या संध्याकाळी पालखीच्या पुढं मोजकी माणसं होती. गाव सगळं मागं होतं. गर्दीच्या मधोमध डॉक्टर खुर्ची डोक्यावर घेऊन चालले होते. बसायची शुद्ध त्यांना राहिली नव्हती.

पुढच्या वर्षी गावानं पंचांना शाळेतली शिट्टी दिली. आता बारी संपली की शिट्टी वाजते. टाळी मोकळी झाली.

माझी बदली झाली, त्यालाही काळ लोटला. मोठ्या शहरात राहतो. उन्हाळ्यात चांगल्या मैफली ऐकतो आणि भलत्या ठिकाणी टाळी वाजवून शेजारच्यांना दचकवतो. परवा पाडवा झाला आणि फोन वाजला. मागं बँडची तालीम चालल्यासारखा आवाज येत होता. मी म्हणालो, डॉक्टर, फोन जरा त्यांच्याजवळ धरा की, ऐकू द्या.

"लोणचं मागू नका," ते म्हणाले. "यंत्र माळ्यावर गेलं. जत्रा पुढच्या आठवड्यात आहे. बाकी काही आणू नका, साहेब. हात घेऊन या."